कुलूप बदलण्याआधी

जुन्या मारुती ८००चे दार किल्लीने उघडेना, की लोक थेट नवे कुलूप बसवतात. ही घाई मला पटत नाही. गोव्यात डिचोलीला खाणींची तांबडी धूळ, पेडण्याच्या किनाऱ्याला खारी हवा, शिवाय वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस. काचेजवळचे रबर कडक झाले की हे सगळे दारात उतरते. किल्ली फिरूनही खटका हलत नसेल, तर बहुधा आतल्या सळईची प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असते. किल्लीच अडत असेल तर आधी मळाचा संशय घ्यावा. नव्या कुलपाने वेळ वाचतो, असे कोणी म्हणेल. वाचतो खरा, पण त्या दाराला वेगळी किल्ली येते आणि कडक झालेले रबर तसेच राहते. झिजलेले कुलूप बदलावेच. एरवी दाराचे आतले पॅनल काढून खटक्याला ग्रीस लावावे, किल्लीच्या भोकात मात्र ग्रॅफाइटची पूड (तेलाला धूळ चिकटते), आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोके मोकळी करावीत.