अठरा ते चारशे

वन्यजीव फोटोग्राफीच्या गप्पा पाचव्या मिनिटाला एका वाक्यावर येतात: "ऑल-इन-वन लेन्स म्हणजे तडजोड." म्हणणाऱ्याच्या गळ्यात सहसा दोन किलोची लेन्स लटकत असते. त्याचं चूक नसतं. पण मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे तडजोडीला 'ट्रेड-ऑफ' म्हणतात आणि ती करण्याचाच पगार मिळतो.

निमित्त होतं आई-बाबांना ताडोबाला नेण्याचं. बाबांनी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात तीस वर्षं काढली. जंगल तासाभरावर, पण शिफ्ट, ओव्हरटाइम, आमच्या कॉलेजच्या फिया यांत आत जाणं राहूनच गेलं. आता गुडघे कुरकुरतात, त्यामुळे ही सफारी पहिली आणि बहुतेक शेवटची. आईने फोनवर बजावलं, "वाघाचे फोटो गूगलवर ढीगभर आहेत. तू बाबांचे काढ."

माझ्याकडे निकॉन डी५६००, त्यावर ७०-३०० लेन्स, आणि माणसं टिपायला खिशातला फोन. पण ताडोबात सफारीला मोबाईल नेऊ देत नाहीत. म्हणजे माझी अर्धी सिस्टीम गेटवरच बाद.

रिव्ह्यू बघून बघून डोकं फिरलं, तेव्हा मी स्वतःचाच डेटा काढला. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती असते: वेळ, फोकल लेन्थ, शटर स्पीड. दोन वर्षांच्या सहलींतले फोनचे आणि कॅमेऱ्याचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकले आणि छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. (कॅमेऱ्याचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं, ते आधी जुळवावं लागलं.) निकाल ऑल-इन-वनच्या विरोधात जाणारा वाटला. सगळे फोटो दोन टोकांना: एकतर फोनवरचे वाइड, नाहीतर थेट ३००. मधे ओसाड. मग दोन टोकांसाठी दोन चांगल्या लेन्स घ्याव्यात की!

पण नंतर मी टोक बदलताना मधे किती वेळ जातो ते मोजलं. निम्म्याहून जास्त वेळा वीस सेकंदही नव्हते. भिगवणला फ्लेमिंगोंचा थवा उडतो, आणि लगेच होडीतला मित्र आ वासून बघत असतो. मला हवे असतात ते दोन्ही क्षण, आणि ते एकमेकांना चिकटून येतात. लेन्स बदलायला मला अर्धं मिनिट लागतं, तेही स्थिर जमिनीवर. उन्हाळ्यात, पुढच्या जिप्सीने उडवलेल्या धुळीत सेन्सर उघडा टाकायची तर माझी हिंमतच नाही. दोन बॉडी घ्या म्हणणाऱ्यांनी पैसेही द्यावेत.

निकॉनची २००-५०० मनात होती. सुंदर लेन्स, पण २.३ किलो, आणि ताडोबात वाघ बऱ्याचदा रस्त्यावरूनच चालत येतो. डी५६०० च्या छोट्या सेन्सरवर २०० चा कोन फुल फ्रेमवरच्या ३०० इतका अरुंद होतो. वाघ जवळ आला तर फोटोत नुसता कान. बाबांचं तर नावच नको. उरली टॅमरॉनची २०१७ साली आलेली १८-४००. वजन साधारण ७१० ग्रॅम, आणि तेच गणित लावलं तर ४०० चे ६००.

या लेन्सची किंमत प्रकाशात मोजावी लागते. ४०० वर तिचं अ‍ॅपर्चर एफ/६.३. एफ नंबर म्हणजे साधा भागाकार: ४०० भागिले ६.३, साधारण ६३ मिलिमीटरचं छिद्र. एफ/२.८ हवं असेल तर तेच १४३ मिलिमीटर होतं. म्हणून त्या लेन्स तोफेसारख्या दिसतात आणि पाचपट प्रकाश घेतात. सफारी सुरू होते पहाटे, म्हणजे प्रकाश सर्वांत कमी असताना. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन माझा हात सावरतं, चालता वाघ थांबवत नाही. त्याला शटर वेगवानच लागतं, मग आयएसओ चढतो आणि फोटोत दाणे येतात. मात्र माझी जुनी ७०-३०० सुद्धा शेवटाला ६.३ च होती, हे बाजूने बोलणारं कुणी सांगितलं नाही.

घेण्याआधी एका रविवारी ती भाड्याने आणून भिगवणला गेलो. ४०० वर कडा मऊ येतात. जवळचा खंड्या अपेक्षेपेक्षा लहान दिसला, कारण जवळ फोकस केला की अशा लेन्सची फोकल लेन्थ प्रत्यक्षात आखडते. इंस्टाग्रामवर यातलं काही कळत नाही. मोठ्या प्रिंटवर कळतं. सोमवारी ऑर्डर टाकली.

मे महिन्यात मोहर्ली गेटमधून आत गेलो. सूर्य जेमतेम वर आला होता आणि एक वाघीण डावीकडच्या बांबूतून निघून रस्ता ओलांडून गेली. तिचे माझ्याकडे तीन फोटो आहेत. सर्वांत बरा ४०० वरचा, आयएसओ ६४००, दाणेदार, त्यातही पाठच जास्त.

पुढचा फोटो पाच सेकंदांनंतरचा, १८ वर. बाबा सीटवरून उठून उभे राहिलेत, जिप्सीचा रॉड दोन्ही हातांनी धरलाय. गाईड खाली बसा म्हणून हात करतोय, त्यांचं लक्षच नाही. आई वाघिणीकडे बघतच नाहीये, ती बाबांकडे बघतेय.

हा फोटो तिने मोठा करून फ्रेम करायला सांगितलाय. वाघिणीचा अजून मागितलेला नाही.