प्रसिद्धि आणि पत्ता

लेख प्रसिद्ध करणें निराळें आणि तो वाचकाच्या हातीं पडणें निराळें, हें मासिकांच्या चालकांस कोणी शिकवावयास नको. अंक छापून झाला, तरी वर्गणीदारांचे पत्ते घालून तो टपालांत पडेपर्यंत काम अर्धेंच झालेलें असतें. संकेतस्थळांच्या काळांतही ही गोष्ट पालटलेली नाहीं. पालटलें तें एवढेंच कीं, येथें बहुधा वाचकालाच प्रकाशकाचा पत्ता शोधून काढावा लागतो.

हा पत्ता म्हणजे 'फीड'चा पत्ता. संकेतस्थळावर नवें काय आलें, त्याचीं शीर्षकें, तारखा आणि दुवे ठराविक रीतीनें मांडलेली फाइल म्हणजे फीड. या मांडणीचा आरएसएस हा प्रकार नेटस्केप कंपनीनें १९९९ सालीं काढला. ॲटम हा दुसरा प्रकार २००५ सालीं प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. वाचकानें आपल्या फीड रीडरला तो पत्ता एकदां दिला म्हणजे प्रत्येक नवा लेख आपोआप त्याच्यापुढें येतो. नांवनिशी द्यावी लागत नाहीं. आणि आपण काय वाचावें व कोणत्या क्रमानें वाचावें, हें ठरविणारा तिऱ्हाईतही मध्यें येत नाहीं. स्वतंत्र बुद्धीच्या वाचकास याहून अधिक काय हवें?

मध्यंतरीं एका परिचित वाचनालयाचें संकेतस्थळ पाहण्याचें काम आम्हांकडे आलें. तें ह्यूगो या साधनानें बांधलेलें होतें. २०१३ सालीं निघालेल्या ह्यूगोची, तशीच २००८ सालच्या जेकिलची, रीत अशी कीं, सर्व पानें आधींच रचून ठेवावयाचीं आणि जो मागेल त्यास तीं तशींच द्यावयाचीं. खर्च थोडा, बिघाडही थोडा; म्हणून लहान संस्थांस हीं साधनें मानवतात. वाचनालय तेथें दरमहा नव्या पुस्तकांची यादी आणि दोनतीन परीक्षणें देत असे. परगांवीं जाऊन राहिलेल्या जुन्या सभासदांचें गाऱ्हाणें एकच होतें: फीड रीडरला वाचनालयाचा पत्ता दिला कीं तो 'येथें फीड नाहीं' असें सांगतो.

नवल हें कीं, फीड पहिल्या दिवसापासून होती! ह्यूगो मुखपृष्ठासाठीं आणि प्रत्येक विभागासाठीं 'इंडेक्स डॉट एक्सएमएल' या नांवाची फाइल न सांगतां तयार करतो. उणीव होती ती तिच्या घोषणेची. २००२ सालापासून रूढ झालेला संकेत असा कीं, पानाच्या 'हेड' या न दिसणाऱ्या भागांत 'लिंक' या खुणेची एक ओळ असावी. तिच्यांत 'रेल'पुढें 'आल्टरनेट' हा शब्द, 'टाइप'पुढें फीडचा प्रकार, 'टायटल'पुढें तिचें नांव आणि 'एचरेफ'पुढें तिचा पत्ता द्यावा. फीड रीडर हीच ओळ शोधीत असतो. ह्यूगो ती आपण होऊन घालीत नाहीं. पानांचा सांचा, म्हणजे थीम, रचणारानें ती घालावयाची असते. वाचनालयानें घेतलेल्या थीममध्यें ती नव्हती.

उपाय सोपा होता. सांच्याच्या हेडमध्यें 'ऑल्टरनेटिव्ह आउटपुट फॉर्मॅट्स' या यादीवरून फिरणाऱ्या तीन ओळी लिहिल्या कीं, ज्या पानास फीड असेल त्या पानावर तिची घोषणा येते. जेकिलमध्यें याच कामासाठीं 'जेकिल-फीड' हें जोडसाधन घेऊन त्याची 'फीड मेटा' ही खूण हेडमध्यें ठेवावी लागते. दोहोंतही संकेतस्थळाचा मूळ पत्ता सेटिंगमध्यें अचूक असला पाहिजे. नाहींतर पाटी एका घरावर आणि वाट दुसऱ्याच घराची, असा प्रकार व्हावयाचा. फीड अनेक असतील तर त्यांस 'नवीं पुस्तकें', 'परीक्षणें' अशीं वेगळीं नांवें द्यावीं, म्हणजे वाचकास निवड करतां येते.

हें चाललें असतां वाचनालयाच्या चिटणिसांनीं विचारलें, "अहो, पण आतां फीड वाचतो कोण?" प्रश्न गैर नव्हता. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजीं बंद झाला. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टींत एके काळीं फीडची खूण दिसे, ती गेली. आणि डिसेंबर २०१८ मध्यें फायरफॉक्सनें फीड वाचण्याची आपली सोयही काढून टाकली. परंतु आमच्या मतें याच कारणानें प्रकाशकाची जबाबदारी वाढली आहे. ब्राउझर पूर्वीं जें वाचकाच्या नजरेस आणून देई, तें आतां आपण दाखविलें पाहिजे. म्हणून हेडमधील ओळीखेरीज प्रत्येक पानाच्या तळाशीं 'नव्या लेखांची फीड' असा डोळ्यांस दिसणारा दुवाही आम्ही ठेवविला. जी वाट कोणास दाखविलीच नाहीं, तिच्यावर वर्दळ नाहीं म्हणून ती निरुपयोगी ठरविणें न्यायाचें नव्हे. चिटणिसांस तें पटलें. आणि परगांवच्या सभासदांचें गाऱ्हाणें त्यानंतर ऐकूं आलें नाहीं.