मातीला वीस माणसं

पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासायचे दिवस आलेत, त्यावर लिहायला बसलो अन् माय आठवली. म्हणून आज दोन्ही सांगतो.

माय गेली एप्रिल 2020 मध्ये. कोरोना नव्हता, झोपेतच गेली. आपल्याकडं लेक आल्याशिवाय माती होत नाही. आमची अक्का अहमदपूर तालुक्यात, आम्ही लोह्याकडचे. मोटारसायकलवर तासाभराचा रस्ता, पण मधी नांदेड-लातूरची शीव अन् जिल्हाबंदी. भाऊजींनी पाससाठी लई फोन केले. दुपारपर्यंत वाट पाहिली.

मातीला वीसच माणसं, असा नियम होता. एरवी तेवढी तर नुसती आमची भावकी. शेतातच माती दिली. रेंज फक्त बांधावर, म्हणून पुतण्या तिथं मोबाईल धरून उभा. अक्का म्हणली, "मायचे हात दाव एकदा." त्यानं जवळ जाऊन दाखवले अन् रेंज गेली. अक्काच्या नावानं एक मूठ माती मीच टाकली.

शेतकामाला लॉकडाऊन नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे म्हशीची धार काढलीच. गल्लीतले लोक भाकरी-पिठलं ओट्यावर ठेवून लांबूनच हात जोडायचे. एरवी दहा-बारा दिवस घर भरलेलं असतं. येणारा प्रत्येक जण विचारतो, "कशी गेली?" आपण पहिल्यापासून सांगतो. पन्नासदा सांगून तोंड दुखतं, पण दुःखही तेवढंच झिजतं. त्या साली विचारायला कोणी आलंच नाही. सगळं आतच राहिलं.

आता बियाण्याचं. 2019 च्या ऑक्टोबरात ऐन काढणीत पाऊस झाला अन् बऱ्याच जणांचं सोयाबीन भिजलं. मायनं पावसाआधी मळलेली दोन पोती बाजूला काढून ठेवली होती. फळ्यांवर, एकावर एक न रचता. सोयाबीनचं टरफल पातळ, पोतं आपटलं तरी कोंब मरतो, हे ती सारखं सांगायची. जूनमध्ये ओल्या बारदान्यात 100 दाणे गुंडाळले, पाचव्या दिवशी 81 उगवले. सत्तरच्या वर आले की एकरी 30 किलो पेरायला हरकत नाही. त्या साली मराठवाड्यात कितीतरी जणांचं विकतचं बियाणं उगवलंच नाही, दुबार पेरणी झाली. आमचं रान मात्र मायच्या दोन पोत्यांवर हिरवं झालं.

20 ऑगस्टला एसटी जिल्ह्याबाहेर सुटली अन् अक्का आली. घरात न जाता सरळ शेतात. सोयाबीन शेंगावर आलेलं. मायला जिथं ठेवलं तिथं बसली, लई वेळ काही बोलली नाही. मग म्हणली, "कशी गेली रे?"

मी पहिल्यापासून सांगितलं. दोघंही पोटभर रडलो. चार महिन्यांनी त्या दिवशी रातच्याला मला नीट झोप लागली.

मंडळी, त्या दोन वर्षांत तुमच्या सोयऱ्यात, दोस्तांत कोणी गेलं असेल अन् तुमचं नुसतं फोनवर बोलणं झालं असेल, तर पेरणी उरकली की जाऊन या. लई उशीर झाला, आता काय जायचं, असं म्हणू नका. जाऊन बसा, पाणी घ्या अन् विचारा, कशी गेली, कसा गेला. त्यांचं सांगायचं राहिलेलं असतं.