राजपूत, गाझी आणि माझी राहिलेली दुरुस्ती

आपल्या हिंगोलीत समुद्र नाही, कयाधू आहे. तरी ४ डिसेंबरला नौदल दिनाची बातमी लिहावीच लागते. एका वर्षी मी ठोकून दिलं, 'आयएनएस राजपूतने गाझी बुडवली.' एका माजी नौसैनिक काकांचा फोन आला, "बाबा, आपण तसं मानतो. पाकिस्तान म्हणतं, अपघाती स्फोट. दोन्ही लिहीत जा."

राजपूत म्हणजे ब्रिटिशांची दुसऱ्या महायुद्धातली विनाशिका 'रॉदरहॅम'. १९४९ मध्ये आपल्याकडे आली. १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ तिने 'विक्रांत' असल्याचं सोंग घेतलं. गाझीतले ९३ जण परतले नाहीत. १९७६ मध्ये राजपूतही भंगारात गेली.

जहाज उरलं नाही. निदान गोष्ट तरी खरी उरावी. काका, दुरुस्ती आज करतोय. उशीर झाला, माफ करा.