पाषाणातील फुले आणि संग्रहाची मर्यादा

महाराष्ट्राचा काळा पाषाण व्यापाराच्या दृष्टीने पाहिला तर खडीच्या भावाने विकला जाणारा माल आहे. तोच पाषाण भिंगातून पाहिला तर अंतरात फुलबाग दडलेली दिसते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार घडले. रस थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि खडकात लहानमोठ्या पोकळ्या झाल्या. पुढे खनिजे विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिले आणि अंधारात, कोणी पाहणारे नसताना, स्फटिक वाढत गेले. जांभाच्या पाकळीसारखा गुलाबी स्टिल्बाइट, हिरवट पारदर्शक अपोफिलाइट, कापसाच्या बोंडासारखा पांढरा ओकेनाइट ही त्यांतली काही नावे. भोर घाटातील रेल्वेमार्ग 1863 साली पूर्ण झाला. त्या काळच्या खोदकामांतून निघालेले असे स्फटिक परदेशातील संग्रहालयांपर्यंत पोहोचले.

जैन व्यापाऱ्यांना रत्नपारख नवी नाही. दिल्लीच्या सुलतानाच्या खजिन्यात अधिकारी असलेल्या ठक्कुर फेरू या श्रावकाने 1315 साली रत्नपरीक्षेवर प्राकृतात ग्रंथ रचला होता. परंतु दगड पारखणे निराळे आणि तो डोंगरातून काढणे निराळे. श्रावकासाठी निषिद्ध मानलेल्या पंधरा कर्मादानांत स्फोटकर्माचा, म्हणजे भूमी खणण्या-फोडण्याच्या व्यवसायाचा, स्पष्ट उल्लेख आहे.

हा भेद पुण्यातील एका कापडव्यापारी कुटुंबात गेल्या पौष महिन्यात अगदी घरगुती प्रश्न होऊन उभा राहिला. तेरा वर्षांच्या नातवाला खनिजसंग्राहकांच्या एका छोट्या मंडळाबरोबर वाघोलीच्या बाजूच्या दगडखाणीवर जायचे होते. खर्च ठरला, दादाजी सोबत जातील असेही ठरले. तेव्हा सामायिक करून उठलेल्या दादीजींनी विचारले, “स्फटिक, मणी, रत्न, प्रवाळ हे सगळे पृथ्वीकाय आहेत, असे जीवविचारात आपण शिकवतो. मग हौसेसाठी पृथ्वी फोडायला मुलाला न्यायचे का?” घर बांधताना दगड लागतो, तो संसाराच्या गरजेपोटी. हौसेपोटी केलेली हिंसा मात्र अनर्थदंडात मोडते. या प्रश्नाला उत्तर नव्हते. नातवाच्या पिशवीतून हातोडी आणि छिन्नी काढून ठेवण्यात आली. तो रुसला, पण गेला.

त्या भागातील खाणींचे नाव जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे ते कॅव्हन्साइटमुळे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांची आद्याक्षरे जुळवून हे नाव बनले आहे. 1967 साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात हे खनिज प्रथम आढळले, पण त्याचे सर्वांत सुंदर नमुने वाघोलीच्या पाषाणातच मिळाले. पांढऱ्या स्टिल्बाइटवर उमललेला गडद निळा गुच्छ, बहुधा मुगाच्या नाहीतर वाटाण्याच्या दाण्याएवढा. एकदा पाहिला की विसरता येत नाही.

मंडळाचे नियम कडक होते. खाणमालकाची परवानगी घेतल्याखेरीज आत पाऊल ठेवायचे नाही. डोक्यावर हेल्मेट, पायांत जाड बूट, आणि सुरुंगाने सैल झालेल्या कड्याखाली कोणी उभे राहायचे नाही. दादाजींना पहिला नियम विशेष भावला. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, हे ज्याने लहानपणी पाठ केले त्याला परवानगीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. खडीयंत्राकडे जाणाऱ्या राशींतून वेचलेला प्रत्येक नमुना कागदात गुंडाळायचा आणि त्यावर ठिकाण व तारीख लिहायची. मंडळातील एक वडीलधारे सदस्य म्हणाले, “चिठ्ठी हरवली की नमुन्याचे निम्मे मोल गेले. तो कुठला हे सांगता येत नसेल तर अभ्यासाला त्याचा उपयोग नाही.” नोंद नसलेला माल आणि नोंद नसलेला दगड, दोघांची गत सारखीच.

दुपारी एक कामगार जवळ आला. “शेठ, वरच्या कपारीत निळा आहे. पाचशे द्या, आत्ता काढून देतो.” मुलाचे डोळे चमकले. “दादाजी, आपण कुठे फोडतोय? तेच काढणार! आणि नाही घेतला तर उद्या त्याची खडीच होणार.”

युक्तिवाद व्यापाऱ्याच्या घरी शोभेल असाच होता, आणि दुसरा भाग तर खराही होता. दादाजी काही वेळ कपारीकडे पाहत राहिले. वरचा कडा सुटलेला दिसत होता. मग ते म्हणाले, “हात त्याचा असेल, पण करवणारे आपण. आणि पाचशे रुपयांसाठी तो त्या कड्याखाली चढेल, त्याचे काय?” करणे, करवणे आणि अनुमोदणे यांतले अंतर धर्माने फारसे ठेवलेले नाही. मागणी करणारा माणूस पेढीवर बसलेला असतो, जोखीम मात्र दुसराच कोणी उचलत असतो.

पण कामगाराला रिकाम्या हाताने परत पाठवणेही दादाजींना रुचले नाही. नेहमीच्या कामात आपोआप सुटून आलेले दोन तुकडे त्याच्या डब्यात होते. त्यांतला एक त्यांनी घासाघीस न करता घेतला आणि सांगितले की पुढेही असेच आलेले असेल तर मंडळ योग्य भाव देईल, मुद्दाम काढलेल्याला देणार नाही. हा पूर्ण निर्दोष मार्ग होता, असा दावा त्यांनी केला नाही. सचित्त-अचित्ताचा सूक्ष्म निर्णय आपला नव्हे, तो साधुसाध्वींना विचारावा, एवढेच ते म्हणाले. मुलाचे समाधान झाले नाही. परतीच्या गाडीत तो बोललाच नाही.

घरी आल्यावर संग्रहाची मर्यादा ठरली. बारा नमुने, अधिक नाही. तेरावा आला तर आधीचा एक कोणाला तरी द्यायचा. परिग्रह-परिमाण व्रत मोठ्यांच्या सोन्या-जमिनीला लागू होते, तसेच मुलाच्या कपाटालाही लागू झाले. चारच महिन्यांत ती वेळ आली. त्याने तीन दिवस विचार केला आणि आवडता हिरवा अपोफिलाइट चिठ्ठीसह शाळेच्या प्रयोगशाळेला दिला. आता तो चाळीस मुले पाहतात.

त्याच्या वहीत नमुन्यांच्या क्रमवार नोंदी आहेत. वाघोलीच्या पानावर शेवटी, क्रमांक न घातलेली, एक जास्तीची ओळ आहे: “निळा. वरच्या कपारीत. घेतला नाही.” ती ओळ लिहायला त्याला कोणी सांगितले नव्हते. दादीजींनी ती वाचली आणि वही बंद करून जागेवर ठेवली.