पाना, फाळ आणि वाडीचा भोंगा

आमच्या घरात एक पाना होता. दोन तोंडांचा, एक तोंड मोठं, एक लहान, आणि मधला दांडा हाताळून हाताळून काशाच्या भांड्यासारखा गुळगुळीत झालेला. तो किर्लोस्करांच्या नांगराबरोबर आमच्याकडे आला. त्याची जागा ठरलेली होती : गोठ्याच्या दाराजवळचा कोनाडा, वंगणाच्या बुधल्यामागे. तो जागेवर दिसला नाही की अख्खं घर कामाला लागायचं. कणगीमागे बघ, गव्हाणीत बघ, पोरांनी विटीदांडूला नेला असेल तर पोरांना बघ. आजी म्हणायची, "माझं डोरलं हरवलं असतं तरी एवढा कालवा केला नसता तुम्ही."

आमचं गाव किर्लोस्करवाडीच्या पंचक्रोशीतलं. आम्ही नुसतं 'वाडी' म्हणायचो, आणि सगळ्यांना कळायचं. वाऱ्याची दिशा बरी असली की वाडीच्या कारखान्याचा भोंगा आमच्या अंगणात ऐकू यायचा. सकाळच्या भोंग्याला धारा उरकलेल्या असायच्या, दुपारच्या भोंग्याला भाकरीची पाटी रानाच्या वाटेला लागायची, संध्याकाळच्या भोंग्याला कंदिलाच्या काचा पुसायला घ्यायच्या. गावात भिंतीवरचं घड्याळ एका घरी होतं, आणि तेही भोंग्यावरच लावलेलं होतं.

ही वाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी पाहिलेलं नाही. ते 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले, तेव्हा आम्ही पाटीवर बाराखडी गिरवत होतो. पण घरात त्यांचं नाव एखाद्या थोरल्या चुलत्याचं घ्यावं तसं घेतलं जायचं. आजोबा कधी 'कारखानदार' म्हणाले नाहीत. 'लक्ष्मणराव' म्हणायचे, आणि म्हणताना नकळत सावरून बसायचे.

आजोबांकडून ऐकलेली गोष्ट अशी. बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा, 20 जून 1869 चा जन्म. वडील काशिनाथपंत वेदान्ताच्या व्यासंगातले. या मुलाचा जीव मात्र चित्रांत आणि यंत्रांत. मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले, तिथं कळलं की काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार व्हायचं राहिलं. आजोबा इथं थांबायचे, चुना मळायचे, आणि म्हणायचे, "रंग दिसले असते तर आपल्याला नांगर मिळाला नसता." मग यांत्रिक रेखाटन शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. हक्काची बढती हुकली तेव्हा नोकरी सोडली आणि बेळगावला आले. तिथं थोरले बंधू रामुअण्णांबरोबर 1888 पासून सायकलींचं दुकान होतंच. सायकली विकणं, दुरुस्त करणं, चालवायला शिकवणं. घरच्या पहिल्या धंद्यातच दुरुस्ती होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढं जे जे केलं ते उघडता येईल, बदलता येईल, पुन्हा जोडता येईल असंच केलं.

पहिलं यंत्र कडबा कापायचं. आमच्याकडे ते गोठ्याच्या पडवीत होतं. मोठं चाक, चाकाला पाती, एकानं कडबा सारायचा, दुसऱ्यानं मूठ धरून चाक फिरवायचं. चाकाची खरखर सुरू झाली की बैल हंबरायला लागायचे. अख्खा कडबा टाकला की बैल पानं खाऊन बुडखे सोडायचे, कुट्टी केली की निम्म्या वैरणीत भागायचं. दुष्काळी सालात आमची बैलजोडी बाजारात गेली नाही ती त्या चाकामुळं, असं आजोबा शपथेवर सांगायचे. आम्हा पोरांना दोन गोष्टींची सक्त ताकीद होती : विहिरीत वाकायचं नाही आणि कुट्टीजवळ हात न्यायचा नाही.

मग आला नांगर. याच्याविषयी सावकाश बोललं पाहिजे.

लाकडी नांगर जमीन ओरखडायचा. आमचं काळं रान, त्यात कुंदा आणि हरळी. कुंद्याच्या मुळ्या पुरुषभर खोल जातात म्हणतात. लाकडी नांगर वरून फिरायचा आणि कुंदा खालून हसायचा. उन्हाळ्यात माणसं लावून, कुदळीनं खणून तो काढायचा म्हणजे घराचं कंबरडं मोडायचं. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला, तो माती कापायचा आणि कूस पालटल्यासारखी उलटी टाकायचा. मुळ्या उन्हात वर. पण घेणार कोण? लोखंड रानात घातलं तर जमिनीला विष बाधतं, पीक जळतं, असा पक्का समज. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं माल पडून, घर चालवायचं, कामगारांना पगार द्यायचा, आणि तरी रोज सकाळी उठून त्याच नांगरात सुधारणा करत बसायचं.

आमच्या पणजोबांनीही घाबरत घाबरतच घेतला. एकट्यानं नव्हे, तीन घरांच्या वारंगुळ्यात. बैल तिघांचे, नांगर तिघांचा, भीतीही तिघांची. पहिल्या दिवशी बांधाकडेच्या निकृष्ट पट्टीत घातला, म्हणजे विष बाधलं तरी तेवढीच पट्टी जाईल. त्या साली सगळ्यात भरदार जोंधळा त्या पट्टीत आला. पणजीनं दुसऱ्या हंगामात नांगराला हळदकुंकू लावलं आणि मग त्याला कुणी परकं म्हटलं नाही.

फाळ बिडाचा होता. बिडाला लोहाराचा भाता चालत नाही, झिजला की बदलायचा. नट सैल करायचा, जुना फाळ काढायचा, नवा बसवायचा, पुन्हा नट आवळायचा, आणि नांगर पहिल्यासारखा. तेवढ्यासाठी तो पाना. नांगर घेणाऱ्याच्या हाती पानाही द्यायचा, यात मला त्या माणसाचा सगळा स्वभाव दिसतो. नुसता नांगर विकला असता तर शेतकरी दर वेळी दाराशी गेला असता. यानं शेतकऱ्याला त्याच्या बांधावर दुरुस्ती करता येईल असं केलं. आमच्या घराला नट कुठल्या बाजूला सुटतो ते त्या नांगरानं शिकवलं. रहाट, मोटेचं चाक, गुऱ्हाळाचा चरक, शिवणयंत्र, सायकल, पुढं इंजिन, सगळं खोलायची धिटाई तिथून आली. वापरायचं, जपायचं, दुरुस्त करायचं. टाकायचं हा शब्द नव्हताच.

बेळगावची जागा शहराच्या वाढीसाठी सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी हाक दिली. औंधाला देवीच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी केलं होतं, ती ओळख. 1910 साली कुंडल रोड स्टेशनाजवळ 32 एकर माळ मिळाला. माळ म्हणजे निवडुंग आणि नाग. आमच्या गावचे लोक तिकडं गुरंही सोडत नसत. अशा ठिकाणी हा माणूस बायकामुलं, भाऊ, कामगार आणि त्यांचे संसार घेऊन उतरला. त्या माळावर पहिली चूल पेटवणाऱ्या बायकांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. राधाबाईंचं नाव आपल्याला लक्ष्मणरावांच्या पत्नी म्हणून ठाऊक आहे. पण पाणी कुठून आणलं, विंचू कसे झटकले, तापलेल्या पोराला घेऊन रात्र कशी काढली, हे त्यांनाच माहीत. आमची आजी वाडीचा विषय निघाला की पहिल्यांदा त्यांनाच हात जोडायची.

हळूहळू माळावर गाव उभं राहिलं, तीच आमची वाडी. घरं, विहिरी, झाडं, शाळा. शिवाशीव नाही, हे त्या काळात आमच्या आजोबांना आधी पचायला जड गेलं, आणि मग त्याचाच त्यांना अभिमान वाटायला लागला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणीचं काम दिलं. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी माणसं जोडली, ती घरचीच झाली. आणि घरच्या प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं काम. रामुअण्णांनी वाडीचा संसार सांभाळला. पुतणे शंकरराव चित्रकार आणि लेखणीचे, तर त्यांना कारखान्याच्या जाहिराती नि छापखाना. मुलगा शंतनुराव यंत्राच्या नादाचा, त्याला अमेरिकेला एमआयटीत धाडलं. एकत्र कुटुंबात भांडणं कुठं होतात? एकाच सरीत सगळ्यांना जुंपलं की. इथं ज्याची त्याची सरी वेगळी आणि रान एकच. आमच्या घरात वाटणीची भाषा निघाली की आजोबा वाडीकडं बोट दाखवायचे. वाटणी शेवटी झालीच, पण दहा वर्षं उशिरा झाली, याचं श्रेय मी त्या बोटाला देतो.

शंकररावांचं मासिक 1920 साली 'किर्लोस्कर खबर' म्हणून निघालं, पुढं नुसतं 'किर्लोस्कर' झालं. 1930 पासून 'स्त्री', मग 'मनोहर'. आमच्या गल्लीत एकच अंक यायचा. तो आधी मास्तरांकडं, मग वाण्याकडं, मग आमच्याकडं, तोवर कोपरे मुडपलेले, एखाद्या पानावर हळदीचं बोट. 'स्त्री' आत्या वाचायची, दुपारी, दळण संपल्यावर, जात्याला टेकून. मोठ्यानं वाचायची, कारण ऐकायला चारजणी असायच्या आणि वाचता तिला एकटीलाच यायचं. विधवेनं काय करावं, मुलीनं कुठवर शिकावं, असे विषय निघाले की त्या चारजणी चुळबुळत नसत, अगदी स्तब्ध बसत. नांगर बनवणाऱ्या कारखान्यातून असा कागद निघावा, याचं तेव्हा आम्हाला नवल वाटलं नाही. वाडीवरून चांगलंच येतं, एवढंच ठाऊक होतं.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, ही आजोबांची आवडती गोष्ट. तोफेचा फाळ झाला, म्हणायचे आणि आमच्या नांगराकडं अशा नजरेनं बघायचे की जणू पन्हाळगडच परड्यात उभा आहे.

वाईटही झालं. 1948 साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ उसळली तिच्यात वाडीचा कारखानाही सापडला. आजोबा त्या रात्रीविषयी बोलत नसत. धूर दिसला, एवढंच म्हणत. भोंगा बंद पडल्यावर आजी संध्याकाळी कंदील पुसायचं विसरायला लागली, हे मात्र आईनं आम्हाला सांगितलं. लक्ष्मणराव तेव्हा सत्तरी ओलांडलेले. कारखाना पुन्हा उभा राहिला, भोंगा पुन्हा ऐकू आला, आणि त्या दिवशी म्हणे आमच्या गल्लीत गोड शिजलं.

पुढं विहिरीवर इंजिन आलं, आणि मोट, नाडा, सोंदूर सगळं माळ्यावर गेलं. इंजिन पुण्याहून आलं, पण नाव तेच, त्यामुळं घरात त्याला परकेपणा नव्हता. हँडल मारायचं काम थोरल्या काकांचं. धुराच्या नळीवर डालड्याचा डबा पालथा घातलेला, तो नाचायचा, टुकटुक टुकटुक, आणि आवाजावरून कुणाच्या विहिरीवर पाणी सुरू आहे ते घरबसल्या कळायचं. 1969 साली लक्ष्मणरावांची जन्मशताब्दी झाली, त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं. काकांनी एक तिकीट आणून देवघराच्या चौकटीला चिकटवलं. आजोबा तेव्हा थकले होते. जवळ जाऊन, चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "आता सावरून बसायला नको, उभाच राहतो."

आता बैल नाहीत. ट्रॅक्टर येतो, तासाभरात रान उलटं करून जातो, पैसे फोनवरून जातात. पण खंडेनवमीला आम्ही अजून सगळं ओळीनं मांडतो : कोयता, विळा, खुरपं, वाकस, शिवणयंत्राची बॉबिन, आणि सगळ्यांच्या आधी पाना. गेल्या नवमीला तो तेलाच्या बोळ्यानं पुसत होतो तर नातवानं विचारलं, "आजोबा, हा कशाचा?"

त्याला परड्यात नेलं. शेवरीखाली नांगर पडलाय, निम्मा मातीत रुतलेला, वर घाणेरी माजलेली. दोघांनी झुडूप बाजूला केलं. नट गंजून तांबडा झालेला. त्याच्यावर पाना धरला, तर असा चपखल बसला की पोराच्या तोंडून "अरे!" निघालं. स्वयंपाकघरातून खोबरेल आणलं, नटाभोवती सोडलं, थोडं मुरू दिलं. मग त्याचे हात पान्यावर, माझे त्याच्या हातांवर, आणि आम्ही जोर लावला.