बऱ्यावाईटाचा कागद

आमच्या वेल्ह्याकडे ऑपरेशन कधी एकट्याचं नसायचं, ते भावकीचं असायचं. दुखणं एकाचं आणि दवाखान्याच्या पायरीवर माणसं पंधरा. थोरला भाऊ, दोन चुलते, सासुरवाडीचा एखादा कर्ता माणूस, भाकरीचं गठुडं सांभाळणारी म्हातारी, आणि या सगळ्यांच्या मागे सातवी-आठवी शिकलेलं एक पोर. पोराला न्यायचं कारण एकच, कागद वाचायला. सत्तरचं दशक संपता संपता आमच्या वाडीतलं ते पोर मी होतो. अक्षर वळणदार होतं आणि इंग्रजीची भीती वाटत नाही असं दाखवता यायचं, एवढ्या भांडवलावर मी बऱ्याच जणांची ऑपरेशनं पायरीवर बसून काढली.

तोरण्याच्या पलीकडच्या वाड्यांतून आजारी माणूस झोळीत घालून सडकेपर्यंत आणायचा. यष्टी मिळाली तर यष्टी, नाहीतर दुधाची गाडी. नसरापुरात भागलं तर ठीक, नाहीतर भोर. आणि भोरला डॉक्टरांनी मान हलवून "ससूनला न्या" म्हटलं की बायका तिथेच डोळ्याला पदर लावायच्या. 1867 पासून उभ्या असलेल्या त्या इस्पितळाचा आमच्याकडे दरारा असा, की ससूनला नेलं याचा अर्थ निम्म्या लोकांच्या लेखी माणूस हातचा गेला. दगडी इमारत, उंच छत, आणि प्रत्येक खांबाला टेकलेलं एकेक गाव.

मग कागद यायचा. कधी छापलेला, कधी सायक्लोस्टाइल केलेला, आणि लहान दवाखान्यात तर केसपेपरच्या पाठीवर कंपाउंडरने हाताने लिहिलेला. मजकुराचा गाभा सगळीकडे एकच: भूल देण्यास व ऑपरेशन करण्यास आमची हरकत नाही, आणि जिवाचं काही बरंवाईट झाल्यास डॉक्टर जबाबदार नाहीत. आमच्यात त्याला नावच पडलं होतं, बऱ्यावाईटाचा कागद. तो मी मोठ्यांदा वाचायचो. 'बरंवाईट' आलं की एखादी मावशी तोंडाला हात लावायची आणि चुलते म्हणायचे, "पुढचं वाच." पुढचं काहीच नसायचं. कुठला अवयव, कसलं ऑपरेशन, दुसरा काही इलाज आहे का, यातलं त्या कागदावर एक अक्षर नसे.

त्यानंतर शाईचं पॅड. सिस्टर अंगठा धरून पॅडवर दाबायची, कागदावर गोल फिरवून उठवायची, आणि शेजारी मी लिहायचो: निशाणी अंगठा, अमक्याचा. अंगठा उठला की माणूस तो डोक्याच्या केसांना पुसायचा. पुरुष मागच्या बाजूला आणि बायका भांगाच्या कडेला. हे कुणी शिकवलं होतं देव जाणे, पण सगळे तसंच करत. (अंगठ्याचा हा कारभार आपल्याकडे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून रुळला म्हणतात. 1858 मध्ये बंगालात त्याने एका कंत्राटदाराकडून करारनाम्यावर सबंध पंजाचा ठसा घेतला होता, नंतर मुकरू नये म्हणून. दवाखान्यातल्या अंगठ्यामागेही भावना तीच होती, फक्त मुकरण्याची भीती दुसऱ्या बाजूला.)

या सगळ्यात ज्याचं पोट फाडायचं, त्याला कुणी विचारायचं नाही. बाईमाणूस असेल तर नाहीच नाही. आमच्या भागातले निम्मे पुरुष मुंबईला, गोदीत, गिरणीत, माथाडीत. माझ्या धाकट्या चुलतीची पिशवी काढायची ठरली तेव्हा काका मुंबईत होते. तार गेली, तिसऱ्या दिवशी काका उतरले, तोवर चुलती खाटेवर रक्त जाऊन पांढरीफटक. ती शुद्धीत होती, बोलत होती, चाळिशीची होती, चार लेकरांची आई होती. पण सही नवऱ्याचीच हवी. डॉक्टरला तसं वाटायचं, सिस्टरला तसं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर चुलतीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

कायद्याने मात्र असं कुठेच म्हटलं नव्हतं. 1860 च्या दंडसंहितेतही मोठ्या, शुद्धीवरच्या माणसाची संमती ही त्याचीच होती, आणि भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच धरायची नाही असं 90 व्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं. जीव धोक्यात असेल आणि विचारायला कुणी नसेल तर डॉक्टरने थांबू नये, याचीही सोय 92 व्या कलमात होती. 'डॉक्टर जबाबदार नाहीत' या ओळीला तर कोर्टात कवडीची किंमत नव्हती; हयगय झालीच असेल तर कुणाच्याही अंगठ्याने ती माफ होत नाही. म्हणजे ज्या ओळीला आम्ही सगळ्यात घाबरायचो, तीच सगळ्यात फुसकी. पण भोर-वेल्ह्याच्या पायरीवर हे सांगणार कोण? 2002 साली मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांच्या आचारसंहितेचे नियम केले, त्यातही ऑपरेशनआधी लेखी संमती कुणाची घ्यायची याची यादी नवरा किंवा बायकोपासून सुरू होते आणि रुग्ण स्वतः शेवटी येतो. चुलतीला तीन दिवस का थांबावं लागलं, याचं उत्तर त्या क्रमात आहे.

तरीही त्या काळाची मला आठवण येते, आणि ती कागदाची नाही. भोरला एक सर्जन होते. कागद सहीला पाठवण्याआधी ते स्वतः बाहेर यायचे, पायरीवरच टेकायचे आणि केसपेपरच्या पाठीवर पेनने आतड्याचं चित्र काढायचे. हे इथं असं वळलंय, हे मी इथून कापणार, इथं जोडणार. टाके पिकतील कदाचित. ताप आला तर घाबरू नका. पंधरा माणसं वाकून ते चित्र बघायची, आणि शेवटी कुणीतरी म्हातारी हात जोडायची, "तुमचंच लेकरू समजा." डॉक्टर म्हणायचे, "समजलो." झाली संमती. पुढचा अंगठा नुसता हिशेबापुरता. सुश्रुताने मुतखड्याच्या शस्त्रकर्माआधी धन्याला विचारून घ्यावं असं सांगितलं आहे. शस्त्र नाही लावलं तर मरण ठरलेलं आणि लावलं तर निदान शंका, म्हणून विचारायचं. आमचे डॉक्टर तेच करत होते, फक्त त्यांचा धनी म्हणजे पायरीवरची सगळी गर्दी होती. रुग्ण आत खाटेवर. त्याला चित्र दिसायचं नाही.

पुढे गोष्टी हळूहळू बदलल्या. छापील फॉर्मची पानं एकाची चार झाली. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली (तीच पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने चालू राहिली), तिच्याबरोबर आरोग्यमित्र आले, फोटो आले, ऑनलाइन मंजुरी आली, आणि पायरीवरच्या गर्दीला पहिल्यांदा कळलं की ऑपरेशन हे कॉम्प्युटरलाही विचारावं लागतं. 2014 पासून 108 ची गाडी यायला लागली आणि झोळी मागे पडली. वेल्हे तालुका सरकारदरबारी राजगड झाला. छापील फॉर्म आणि शाईचं पॅड आमच्या भागातून अजून पुरतं गेलेलं नाही. टॅबवरची संमती भेटते ती कात्रज उतरल्यावर, पुण्याच्या मोठ्या खासगी इस्पितळांत.

तिथेच गेल्या वर्षी माझ्या वहिनीची दुर्बिणीतून तपासणी करायची होती. पोटात गाठ दिसत होती, ती कसली ते पाहायचं. आदल्या दिवशी सिस्टर टॅब घेऊन आली. तालुक्याच्या यादीत 'वेल्हे' होतं, 'राजगड' नव्हतं. दादाने तिथेच वाद घालायला घेतला, तो कसाबसा आवरला. मग सिस्टरने ऑपरेशनचं नाव निवडलं आणि भाषा मराठी केली. पडद्यावर चित्र आलं, खाली एकेक धोका आणि प्रत्येकापुढे चौकट. सही कोण करणार, याला दोन पर्याय: रुग्ण स्वतः, किंवा दुसरं कुणी. दुसरं कुणी दाबलं की कारण विचारतं: अल्पवयीन, बेशुद्ध, मानसिक अक्षमता. 'नवरा आहे म्हणून' असं कारण त्या यादीत नाही. दादा पेन घ्यायला पुढे झाला होता, सिस्टरने टॅब वहिनीच्या मांडीवर ठेवला.

वहिनी भाताची आवणी करणारी बाई, दहावी झालेली. तिने सावकाश सगळं वाचलं आणि एका चौकटीवर बोट ठेवलं. "तपासणीत दुसरं काही आढळल्यास त्याच वेळी आवश्यक ती शस्त्रक्रिया, हे काय? म्हंजी भूल दिल्यावर पिशवी काढणार का?"

सिस्टर म्हणाली, डॉक्टरांना विचारते. डॉक्टर आल्या, तरुण होत्या, जरा घाईत होत्या. वहिनी म्हणाली, गाठ बघा, तुकडा काढा, पण पिशवीला हात लावायचा तर मला आधी उठवा. डॉक्टरांनी ती चौकट मोकळी केली, खाली एक ओळ टाइप केली, वहिनीला वाचून दाखवली, आणि मग तिने बोटाने सही केली. वेडीवाकडी, पण तिची.

त्या चौकटीमागे केवढं रामायण आहे, हे वहिनीला ठाऊक असण्याचं कारण नाही. 1995 मध्ये दिल्लीत एक अविवाहित, 44 वर्षांची बाई अशाच दुर्बिणीच्या तपासणीसाठी टेबलावर गेली. ती भुलेत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली गेली, आणि ती जागी झाली तेव्हा गर्भाशय व बीजांडकोश काढलेले होते. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 16 जानेवारी 2008 ला निकाल लागला: तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, रुग्ण शुद्धीवर येऊन निर्णय घेऊ शकत असेल तर आईचीही संमती चालत नाही, आणि संमतीआधी आजार, उपाय, पर्याय, धोके हे पुरेसं सांगितलं पाहिजे. माझ्या मते या सॉफ्टवेअरची खरी किंमत इथे आहे. निकाल वाचणारे डॉक्टर थोडे. पण निकाल चौकटींत भरून ठेवला की रात्रपाळीच्या सिस्टरलाही तो ओलांडता येत नाही.

डॉक्टरांच्या बाजूनेही फरक पडतो. ऑपरेशन निवडलं की त्याचे नेहमीचे धोके आपोआप येतात, या रुग्णाचे वेगळे धोके (साखर, दमा, आधीचे टाके) वरून लिहायचे. एखादी जागा रिकामी असेल तर फॉर्म पुढे सरकत नाही. कुणी, किती वाजता, मजकुराच्या कुठल्या आवृत्तीवर सही केली, ते नोंदलं जातं. ऑपरेशन झाल्यावर मागची तारीख टाकून सही घ्यायची जुनी खोड तिथे चालत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतली काही रुग्णालयं 'कन्सेन्ट्रिक' नावाचं असंच सॉफ्टवेअर वापरतात, त्यात सगळा मजकूर रुग्णाच्या घरी आधीच पोचतो. आणि कागद मागितला की मिळतो. नियमाने दवाखान्याचे कागद तीन वर्षं ठेवायचे आणि रुग्णाने मागितले तर 72 तासांत द्यायचे. आमच्या चुलतीने पुढे दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला आपले कागद मागितले तेव्हा एका दवाखान्याने तिला माळ्यावरची गोणी दाखवली होती. उंदरांनी त्यातली संमतीपत्रं बिनविरोध घेतली होती.

आता कुरकुर. आवणी, बेणणी, कापणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. शाईला कुठलाही अंगठा चालायचा, यंत्राला चालत नाही. मग ओटीपी. तो जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर असतो हडपसरला कंपनीत शिफ्टवर असलेल्या मुलाचा. म्हणजे बाईने स्वतः वाचायचं, स्वतः ठरवायचं, आणि शेवटचे सहा आकडे पुन्हा घरातल्या पुरुषाने सांगायचे. बोटाने पडद्यावर ओढलेली रेघ ही माहिती तंत्रज्ञान कायद्यातली इलेक्ट्रॉनिक सही नव्हे, म्हणून ओटीपीचा आग्रह; ते कळतं. पण मुंबईहून येणाऱ्या काकांची तीन दिवस वाट बघणं आणि मुलाच्या जेवणाच्या सुट्टीची वाट बघणं, यात जात तीच आहे, फक्त वेळ कमी झाला.

मराठीचं तर बोलायलाच नको. 'शल्यकर्मोत्तर संसर्गाची संभाव्यता' हे वाचून कुणाला काय कळावं? आमचे सर्जन म्हणायचे 'टाके पिकतील'. ही ओळ लिहिणाऱ्याने ती एकदा भोरच्या आठवडे बाजारात मोठ्यांदा वाचावी आणि कोण काय समजलं ते विचारून बघावं. काही ठिकाणी ऐकायची सोय असते, बटण दाबलं की टॅब बोलतो. म्हाताऱ्यांना ते आवडतं. पण त्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही, आणि तो पायरीवर बसत नाही.

पायरीवरची गर्दी मात्र गेली असं मी समजत होतो. ती गेलेली नाही. या पावसाळ्यात आमच्या एका पुतण्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. संमतीचा मजकूर त्याच्या फोनवर आला, आणि त्याने तो जसाच्या तसा भावकीच्या व्हॉट्सअपवर टाकला. रात्री अकरापर्यंत चर्चा. जाळी बसवतात ती स्वस्तातली असते, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने काढा सुचवला. मुंबईच्या काकांच्या मुलाने 'कन्सेंट विड्रॉ करता येतो, बटण बघ' असं कळवलं. थोरल्या चुलत्याने आवाजी निरोप पाठवला की पितृपंधरवडा उरकू दे. पुतण्याने सगळं वाचलं, ग्रुप महिनाभरासाठी म्यूट केला आणि सकाळी सहाच्या गाडीने एकटाच पुण्याला गेला.